एका बटेचा ठराव

पौर्णिमेच्या सकाळी आमच्या विहारात पांढऱ्या साड्यांची जी चढाओढ चालते, ती अलीकडे मला बघवत नाही. पांढरा रंग साधेपणासाठी. सगळ्या सारख्या दिसाव्यात, कोण कुणाच्या घरची ते लुगड्यावरून कळू नये, एवढाच त्यामागचा विचार. आम्ही बायकांनी पांढऱ्यातच अठरा प्रकार शोधून काढले. चिकनची, जाळीची, मोती लावलेली, निळ्या काठाची, काठात चांदीची जर असलेली. ध्यानाला डोळे मिटायला सांगितले की अर्ध्या जणी एका डोळ्यानं शेजारणीचा पदर न्याहाळतात. अष्टशील घेताना हार, अत्तर, लेप, दागदागिने यांपासून दूर राहीन असं आम्ही एका सुरात म्हणतो, आणि ते म्हणणाऱ्या तोंडावर पावडर असते. वंदना संपली की लगेच मोबाइल बाहेर. बुद्धमूर्ती फोटोत मागे कुठंतरी अर्धी कापली जाते, त्याची कुणाला फिकीर नसते.

हे सगळं मी लांब उभं राहून सांगत नाही. मी त्यातलीच आहे, आणि माझं सोंग तर सगळ्यांत वरचं. साडी मी साधीच नेसायची. कारण मला साडीची गरजच नव्हती. मला केस होते.

नांदेडला जिल्हा परिषदेत मी तीस वर्षं कारकुनी केली. तिथं मला नावानं कमी आणि 'त्या केसवाल्या मॅडम' म्हणूनच जास्त ओळखायचे. कंबरेखाली जाणारी, मनगटाएवढी जाड वेणी. पन्नाशीनंतर मुळं पांढरी दिसू लागली तशी दर तिसऱ्या रविवारी मी न्हाणीघरात तासभर बसून रंग लावायची. विहारात मुद्दाम पुढच्या रांगेत बसायची. पंचांग प्रणाम करताना वाकलं की वेणी खांद्यावरून घसरून सतरंजीवर पडायची, आणि मागून कुणीतरी 'काय केस हायेत माय' असं पुटपुटायचं. ते ऐकू येईपर्यंत मी डोकं वर काढायची नाही. लोकांना वाटायचं, केवढी श्रद्धा.

माझी धाकटी बहीण लातूरला असते. अंगणवाडीत सेविका आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात मागच्या बाजूला केस गळून रुपयाएवढी चाई पडली. आधी तिनं लसूण चोळला, मग कांद्याचा रस, मग कुणीतरी सांगितलेलं काळं तेल. डॉक्टरांची इंजेक्शनंही झाली. चाई काही थांबली नाही. वर्षभरात डोकं साफ झालं, मग भुवया गेल्या, शेवटी पापण्याही. बाकी तब्येत ठणठणीत. दुखणं असं काहीच नाही, डॉक्टर म्हणाले जिवाला धोका नाही. जिवाला नव्हता, पण ती डोक्याला स्कार्फ बांधूनच जगायला लागली. लातूरच्या उन्हात स्कूटीवरच्या सगळ्याच बाया स्कार्फ बांधतात, म्हणून रस्त्यात ते खपून जायचं. अंगणवाडीतही खपायचं, लेकरं एकदा विचारून विसरून गेली. विहारात मात्र खपेना. त्यांच्या उपासिका मंडळाच्या एका बाईनं तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "फोटोत सगळ्या सारख्या दिसायला पायजेत, तेवढा स्कार्फ काढा." दुसरीनं तिच्या शेजारची सतरंजी जरा लांब ओढून घेतली. चाई लागत नसते, हे शिकल्यासवरल्या बाईला कुणी सांगायचं? त्या दिवसापासून बहिणीनं विहारात जाणं सोडलं. लहानपणापासून जिनं एक पौर्णिमा चुकवली नव्हती, ती घरीच भिंतीवरच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून बसू लागली.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळानं ठरवलं, विष्णुपुरीच्या पुढं जे नवं विहार झालंय तिथं बायकांचं दहा दिवसांचं श्रामणेरी शिबिर घ्यायचं. श्रामणेरी व्हायचं म्हणजे पहिल्या दिवशी डोक्यावरचे सगळे केस उतरवायचे, चीवर म्हणजे भिक्खूंचं वस्त्र घालायचं, दिवसातून एकदाच जेवायचं, आणि दहा दिवसांनी परत आपल्या संसारात. शिकवायला एक वयस्कर भिक्खुणी, आम्ही त्यांना आर्याजी म्हणायचो, येणार होत्या. मी सहज म्हणून बहिणीला फोनवर हे सांगितलं. तिनं सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली,

"अक्का, तिथं समद्याच टकल्या?"

"हो. सगळ्याच."

"म्हंजे मी आले तर कुणाला कळायचंच न्हाई."

तीच पुढं म्हणाली, "अक्का, तू बी बस की माझ्यासंगं. दहा दिवस. चार वर्सं झाली, मी चार बायांत उघड्या डोक्यानं बसले न्हाई गं."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी म्हटलं, बसते. अगदी मनापासून म्हटलं. फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिले. मग त्या आठवड्यात रोज उभी राहत गेले.

शिबिराला पंधरा दिवस उरले तेव्हा मंडळाच्या अध्यक्षाबाईंच्या घरी बैठक झाली. नावं दिलेल्या आम्ही अठरा जणी. चहा आला, पोहे आले, आणि हळूहळू प्रत्येकीच्या पोटातलं बाहेर येऊ लागलं. एकीच्या पुतणीचं लग्न होतं. एकीचे मिस्टर म्हणाले होते, तसं काही करून आलीस तर घरात पाऊल ठेवू नको. एक म्हणाली, बाजारात गेलं तर लोक विचारतील, घरात कोण वारलं? सगळ्या बोलत होत्या, पण मुंडण नको असं सरळ म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. धम्माच्या कामात मागं सरली असं आपल्या नावावर कुणाला नको होतं.

मी बोलायला उठले. बोलण्यात मी पहिल्यापासून तरबेज, दर जयंतीला माझं भाषण ठरलेलं. मी म्हटलं, बायांनो, बाईचं डोकं भादरायची रूढी कुणाची होती? विधवेला विद्रूप करणारी ती रूढी आपण गाडून आलो. मग आज आपल्याच हातानं आपल्या बायकांच्या डोक्याला वस्तरा लावायचा? त्याग मनाचा असतो, केसांचा नाही. आपण प्रतीक म्हणून केसांची एक बट कापू, पांढरी साडी नेसू, आणि दहा दिवस अष्टशील पाळू.

टाळ्या पडल्या. अध्यक्षाबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आमच्या मनातलं बोललात." ठराव एकमतानं झाला. विधवांच्या शेकडो वर्षांच्या अपमानाचा उपयोग मी माझी वेणी वाचवायला केला, आणि वर पोहे दोनदा घेतले.

बहिणीला हे सांगायला हवं होतं. दोन दिवस गेले, चार गेले. फोन ती रोज करायची. पांढरी साडी घेतली का, सुपरवायझर बाईंकडून रजा मंजूर झाली, सोबत काय काय आणू. दर वेळी मी म्हणायची, ये तू, मग बोलू. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तिनं एकच शब्द विचारला असता, का? आणि त्याला माझ्याकडं भाषण होतं, उत्तर नव्हतं. शिवाय मनात कुठंतरी असंही होतं की आली की तिला समजावता येईल, ती लहान आहे, ऐकेल. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला मी लहान धरून चालले होते.

शिबिराच्या दिवशी ती लातूरहून पहाटेच्या गाडीनं थेट विहारावर उतरली. मंडपात आम्ही अठरा जणी तीन रांगांत बसलो होतो. बट कापायचा कार्यक्रम नुकताच उरकला होता. कात्री फिरवणाऱ्या बाईला प्रत्येकीनं 'आतली घ्या हं, वरची नको' असं बजावलं होतं. माझी मी मानेजवळची घ्यायला लावली, वेणीत दिसणार नाही अशी. बहीण आधी मागच्या न्हाणीघरात गेली. तिथं तिनं स्कार्फ सोडला, आंघोळ केली, पांढरी साडी नेसली. तिचा समज असा की आत सगळ्यांची डोकी उतरलेली असणार. पदरही न घेता, तशीच उघड्या डोक्यानं, ती मंडपाच्या दारात येऊन उभी राहिली.

तिच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं. ते मी पाहिलं. मग तिनं समोर अंबाडे पाहिले, वेण्या पाहिल्या, एकीच्या केसांत मोगऱ्याचा गजराही होता. तिची नजर रांगांवरून फिरत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या खांद्यावरच्या वेणीवर थांबली. मी खाली पाहिलं.

तेवढ्यात अध्यक्षाबाईंनी माइक ओढला. तिच्या आजाराचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. "पाहा, पाहा! लातूरहून आलेल्या या उपासिकेनं खरा त्याग केलेला आहे. आपण बटेवर भागवलं, यांनी तर भुवयासुद्धा ठेवल्या नाहीत!" सगळ्यांनी तीनदा 'साधु' म्हणत साधुकार केला. फोटो काढणारा पुढं धावला. बाया माना उंचावून तिचं डोकं पाहू लागल्या. ज्या नजरेपासून ती चार वर्षं पळत होती ती नजर एका वेळी छत्तीस डोळ्यांनी तिच्यावर पडली, आणि ती कौतुकाची होती. मी उठून म्हणू शकले असते की थांबा, ही माझी बहीण आहे. मी उठले नाही.

अध्यक्षाबाईंनी तिला हाताला धरून पुढं नेलं आणि दोन शब्द बोला म्हणून माइक तोंडाशी धरला. तिला भाषणाची सवय नाही. ती माइकपासून जरा मागं सरली आणि म्हणाली,

"म्या काही त्याग बिग केला न्हाई, बायांनो. चाईनं गळाले माझे. मला आसं सांगितलं व्हतं, की इथं समद्या माझ्यावानी आसतील. म्हनून आले."

कुणी सांगितलं ते ती बोलली नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. पहिल्या रांगेतल्या एकीनं नकळत बूड मागं सरकवलं, तेही मी पाहिलं.

आर्याजी इतका वेळ समोरच्या आसनावर बसून होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, "चीवर घेणार?"

"हाव."

मग त्या आमच्याकडं वळून म्हणाल्या, "बटेवर चीवर मिळत नाही, हे तुमच्या मंडळाला मी कळवलं होतं. तुम्ही पांढऱ्यात बसा, तेही चांगलंच आहे. पण न्हाव्याला नको म्हणून सांगायचं तुमच्याकडून राहिलेलं दिसतं. तो बाहेर लिंबाखाली बसलाय. हिच्यासोबत आणखी कुणाला यायचं असेल तर वेळ आहे."

त्या थांबल्या. बहीण त्यांच्या बाजूला, आमच्याकडं पाठ करून बसली होती. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती वाट पाहते आहे. मान जराशी कललेली, कान मागं लागलेले. लहानपणी अर्धापूरच्या शाळेत जाताना रस्त्यात कुत्री आली की ती अशीच उभी राहायची, मी मागून येतेय की नाही ते ऐकत. मी तेव्हा येत असे. आज मी हात मागं नेला, वेणी मुठीत धरली आणि घट्ट धरून बसून राहिले. पाच मिनिटं गेली असतील. कुणीच उठलं नाही. आर्याजींनी मान हलवली, आणि बहिणीची मान सरळ झाली.

न्हाव्यानं आत येऊन तिच्या कोऱ्या डोक्यावरून रीत म्हणून वस्तरा एकदा फिरवला. तिनं चीवर घेतलं. चीवर घेतलं की वय, नातं सगळं मागं पडतं, गृहस्थानं श्रामणेरीला वाकायचं असतं, मग ती घरात शेंडेफळ का असेना. दुपारच्या भोजनदानाला आम्ही पांढऱ्या साड्यांतल्या अठरा जणी वाढायला रांगेनं उभ्या राहिलो. ती पात्र घेऊन खाली नजर ठेवून पुढं येत होती. मी तिच्या पात्रात भात वाढला, वरण वाढलं, आणि वाकून तिच्या पायांशी डोकं टेकवलं. हळूच म्हटलं, "बाई, चुकले गं मी."

मला वाटलं, ती रागावेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं, ती बहिणीची झाली असती. वरून तिचा आवाज आला, माझ्याआधीच्या सतरा जणींना आला होता तसाच, ना जास्त ना कमी.

"मंगल हो," ती म्हणाली, आणि पुढं गेली.