आधी समेट, मग तेल

भांडायला कारण शोधणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण भांडण मिटवण्यासाठी समोरच्याशी इतकं भांडणारी व्यक्ती सबंध जालना जिल्ह्यात एकच असेल, आणि ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. मस्तगडच्या मागच्या आमच्या गल्लीत त्यांना लहानथोर सगळे सिस्टरबाई म्हणतात. मिशनच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी नर्स म्हणून झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, पण आवाजातली नर्स निवृत्त झालेली नाही. त्या नुसतं ‘बसा’ म्हणाल्या तरी माणूस बसतो आणि आपोआप बाही वर करतो. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो आणि नळ आला की सिस्टरबाईही बाहेर येतात. तेवढ्या तासाभरात त्यांची किमान दोन भांडणं होतात. एक स्वतःचं, दुसरं कुणाचं तरी चालू असलेलं. याशिवाय किराणावाल्याचा काटा, गल्लीतल्या शेळ्या, माझ्या स्कूटरचा हॉर्न, दूधवाल्याचं दूध आणि त्यांच्याच चर्चच्या गायनमंडळाचा वरचा सूर, हे विषय वर्षभर पुरतात. जानेवारी ते नोव्हेंबर या अकरा महिन्यांत त्या मन लावून अपराध करतात, असं म्हटलं तर त्या स्वतःच मान हलवून होकार देतील.

नोव्हेंबर संपता संपता मात्र आगमनकाळ येतो. नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती लोक तयारीचे म्हणून पाळतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरात हे काही नव्हतं. पण एकोणीस वर्षांच्या शेजारामुळे आगमनकाळ मला आता त्यांच्या पाळकसाहेबांइतका पाठ झाला आहे. घराला चुना लावायचा, दारावर कागदी चांदणी टांगायची, आणि मनाचीही झाडलोट करायची, म्हणजे पश्चात्ताप करायचा, ज्याचं मन दुखावलं त्याची क्षमा मागायची. इतर ख्रिस्ती घरांतून हे काम प्रार्थनेत होतं. सिस्टरबाई ते घरोघर जाऊन करतात. शिवाय त्यांचा स्वतःचा एक नियम आहे: ज्यांच्याशी वाकडं आलं त्या सगळ्यांशी समेट होईपर्यंत नाताळच्या फराळाची कढई गॅसवर चढत नाही. ‘देवाच्या वेदीवर दान ठेवायच्या आधी भावाशी समेट करावा लागतो, सर,’ त्या मला म्हणाल्या. ‘मंग करंजी काय वेदीपेक्षा मोठी हाय का? आधी समेट, मग तेल.’ त्यांच्या करंज्या तोंडात विरघळतात, शेव दोऱ्याएवढी बारीक असते आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी ताट जातं. त्यामुळे त्यांच्या पश्चात्तापाबद्दल आमच्या गल्लीला वाटणारी काळजी निव्वळ आध्यात्मिक नाही, हे मी नोंदवून ठेवतो. डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की लोकच त्यांना रस्त्यात गाठतात. ‘सिस्टरबाई, आपलं काही राहिलंय का? असलं तर आत्ताच उरकून टाकू.’

पण उरकून टाकणं त्यांना मान्य नाही. त्यांची पद्धत ठरलेली आहे. नोकरीतली पांढरी साडी नेसून त्या निघतात आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतात. मी शाळेत गणित शिकवतो आणि गणितवाल्याला भिडेखातर खोटं बोलता येत नाही, असा त्यांचा समज आहे. मग ज्याच्या त्याच्या दारात उभं राहून त्या अपराध स्पष्ट शब्दांत सांगतात. ‘चुकलंमाकलं माफ करा’ असलं घाऊक काही नाही. आता आपल्याकडे कुणी असं दारात येऊन क्षमा मागितली की माणूस चोरट्यासारखा होतो. ‘अहो, जाऊ द्या हो, काही नाही,’ म्हणतो आणि आत बघून चहा टाकायला सांगतो. सिस्टरबाईंना हे ‘जाऊ द्या’ चालत नाही. ‘काही न्हाई कसं?’ त्या किराणावाल्याला म्हणाल्या. ‘मी तुम्हाला लबाड म्हणलं. चार गिऱ्हाइकांत म्हणलं. क्षमा केली म्हणा.’ तो कसाबसा ‘केली’ म्हणाला. ‘काय केली?’ ‘क्षमा.’ ‘पूर्ण म्हणा.’ त्याने गिऱ्हाइकांसमोर पूर्ण वाक्य म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली; रोग्याने गोळी खरंच गिळली की गालात धरली हे पाहून हलवावी तशी.

यातला धोका एकच. ज्याला अपराधाचा पत्ताच नसतो त्यालाही त्या तो सांगतात. एका वर्षी आमच्या घरी येऊन, पाणी पिऊन, त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, ‘ताई, तुमची पुरणपोळी चामड्यासारखी असती असं मी महिला मंडळात बोलले. सोळा बायका होत्या. मला क्षमा करा.’ माझ्या पत्नीला हे माहीत नव्हतं. तिने क्षमा केली नाहीच, उलट पुढचा आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. गल्ली हवालदिल झाली. शेवटी सिस्टरबाई पुन्हा आल्या, आमच्या स्वयंपाकघरात बसून दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, ‘ही बरी झालीय.’ ‘आणि ती?’ पत्नीने विचारलं. ‘ती चामड्यासारखीच होती. पण मी बोलायला नको होतं.’ माझी पत्नी हसली आणि त्या रात्री पलीकडून तेलाचा वास आला.

हे सगळं दरसाल असंच चाललं असतं. पण या नियमाला एक अपवाद होता आणि तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. भोकरदनला त्यांचा धाकटा भाऊ राहतो. त्याची वाळल्या मिरचीची अडत आहे. आई वारल्यापासून बहीणभावांचं बोलणं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘त्याचं नाव माझ्या यादीत न्हाई, सर. अपराध त्यानं केला. मागायला त्यानं यायचं.’ गल्लीचा अंदाज होता की जमिनीवरून काहीतरी असणार. बहीणभावांत दुसरं काय असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या नाताळच्या आधी सगळी दारं फिरून झाली होती आणि दूधवाला तेवढा राहिला होता. तो सकाळी सायकल टेकवून आत आला. मी होतोच. सिस्टरबाई म्हणाल्या, ‘दादा, मी तुम्हाला सगळ्यांसमोर पाणीवाला म्हणलं. ते चुकलं.’

‘जाऊ द्या, सिस्टर.’

‘जाऊ द्या न्हाई. आता, चुकलं म्हणजे बोलणं चुकलं. पाणी तर होतंच.’

दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार, मी दारातल्या सायकलकडे पाहिलं. ‘होतं थोडं,’ तो म्हणाला. ‘उन्हाळ्यात म्हशी आटल्या म्हणून केल्तं. तुम्ही बी क्षमा करा.’ दोन्हीकडून पूर्ण वाक्यं म्हणून झाली. चहा आला. कपातला चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, ‘दरसाल आमच्याकडून सारं वदवून घेता, सिस्टर. मंग आज तुम्ही सांगा. भावानं असा काय अपराध केला तुमचा?’

मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण त्या सांगू लागल्या. रोग्याचा तक्ता वाचावा तशा सुरात. भावाकडे राहणाऱ्या आईचा रात्री फोन आला होता, छातीत जळजळ होतेय म्हणून. यांनी विचारलं, काय खाल्लं? वांगं आणि ठेचा. ‘पित्त हाय, गोळी घे आणि डाव्या कुशीवर झोप,’ यांनी सांगितलं. सकाळी आई उठली नाही. मातीच्या वेळी भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, ‘जिल्हाभर सुया टोचत फिरली, अन् आईचं दुखणं वळखलं न्हाई.’

दूधवाला बशी हातात धरून बसला. मग अगदी साधेपणाने त्याने विचारलं, ‘मंग खोटं बोलले का ते?’

सिस्टरबाई उठल्या आणि कपबशा गोळा करू लागल्या. दूधवाला गेला, मी थोडा वेळ थांबून घरी आलो. त्या दिवशी मैदा भिजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाळकसाहेब येऊन गेले, कॅरलवाली मुलं गाऊन गेली, दारावरची चांदणी लागली, कढई तेवढी खुंटीला होती. नाताळ तीन दिवसांवर आला तेव्हा पांढरी साडी नेसून त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. ‘सर, शाळा बुडवता येईल का? भोकरदनला जायचंय.’

एसटीत त्यांचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. निम्म्या वाटेवर, राजूरला, त्या म्हणाल्या, ‘तो न्हाई म्हणला तर?’ मी म्हणालो, ‘आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.’ ‘आजवर मी म्हणू दिलं न्हाई,’ त्या म्हणाल्या.

अडतीत मिरचीची पोती छताला टेकलेली. भाऊ नाकातोंडाला रुमाल गुंडाळून काट्यापाशी उभा होता. बहिणीला पाहून त्याने रुमाल खाली ओढला. ‘आलीस का,’ एवढंच म्हणाला. भावजय आतून पाणी घेऊन धावली. सिस्टरबाई बसल्या नाहीत. त्यांनी उभ्यानेच सांगितलं, ‘आई छातीत जळजळ होते म्हणली. घाम आला का, हात दुखतो का, हे मी विचारलं न्हाई. परक्या बाईला विचारलं असतं. मी पित्त म्हणलं. गाडी करून आणा म्हणायला पाहिजे होतं. माझ्यामुळं वेळ गेली. मला क्षमा कर.’ मला वाटतं, हे वाक्य त्यांनी वाटेतच जुळवलं असावं.

भाऊ पोत्याची शिवण चाचपत राहिला. मग म्हणाला, ‘शेजारची जीप दारात उभी होती, अक्का. चावी बी गाडीलाच होती. तू पित्त म्हणलीस, अन् मला बी बरंच वाटलं. रातच्याला निघायला नको.’ पुढे म्हणाला, ‘क्षमा केली म्हणू का? म्हणतो. पण मनातून येत न्हाई. माझी मला बी करता आली न्हाई अजून.’

मी सिस्टरबाईंकडे पाहिलं. पूर्ण वाक्याची मागणी येईल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मनातून येईल तवा म्हण.’ आणि मग पाण्याचा पेला घेऊन बसल्या. जेवण झालं. भावजय एकटीच बोलत होती आणि सगळे तिचे आभारी होते.

परतीच्या गाडीला ही गर्दी. बाजाराचा दिवस. गाडी अजून फलाटाला लागत होती तेवढ्यात भाऊ आमच्या शेजारून पळत सुटला, साठी जवळ आलेला माणूस, आणि धावत्या गाडीच्या खिडकीतून त्याने गळ्यातला रुमाल आत टाकून सीट धरली. चढायला आम्ही शेवटी होतो, पण सीट शाबूत होती. रुमाल टाकलेल्या सीटवर आमच्याकडे कुणी बसत नाही. सिस्टरबाई बसल्या. मी उभा राहिलो. भाऊ खाली उभा होता, एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून. गाडी हलली. गाव मागे पडल्यावर रुमाल आपल्या मांडीवरच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली. मिरचीने आजूबाजूचे चारपाच प्रवासी शिंकले.

त्या रात्री कढई चढली. मी नियमाचा माणूस, म्हणून विचारलं. ‘त्याची क्षमा यायची हाय,’ त्या म्हणाल्या, ‘पण माझ्यापायी गल्लीनं का उपाशी राहायचं?’ सगळ्या घरांत ताटं गेली. स्वतः मात्र त्यांनी एकही करंजी तोंडात घातली नाही. विचारलं तर ‘पित्त होतं’ म्हणाल्या आणि मान वळवली.

रुमाल धुऊन, इस्त्री करून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला आहे. भोकरदनची गाडी रोज जाते, ओळखीचा कंडक्टर आहे, दुपारपर्यंत पोचवेल, असं मी दोनदा सुचवलं. ‘राहू द्या, सर,’ त्या म्हणतात. ‘त्याला लागंल तवा तो येईल.’ तसा रुमाल म्हणजे काही मोठी चीज नाही; भोकरदनच्या बाजारात शंभर रुपयांत हवा तेवढा लांब मिळतो. पण परवा भावजयीचा फोन आला होता. ‘अक्का, यांना काय सांगावं,’ ती म्हणत होती, ‘दुसरा रुमाल घ्या म्हणलं तर घेत न्हाईत. दिवसभर पोत्यांत शिंकत राह्यलेत.’