घोडीचा नमस्कार

आमच्या घरी घोडी होती, पण आम्हा बहिणींना तिच्यावर बसायची परवानगी नव्हती. तिला दाणा घालायचा, लीद काढायची, शेपटीतली कुसळं वेचायची, ही कामं आमची. पाठीवर मात्र बसणार नवरदेव. एकदा मी फारच हट्ट धरला तेव्हा बाबा म्हणाले, "लग्नाची घोडी हाय ती, बाई. पोरींनी बसायची न्हाई." काहून, असं विचारलं तर ते वैरण कापायला निघून गेले. बाबांना विचारलेल्या बहुतेक 'काहून'चं तेच व्हायचं.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला. बाबांची कोरडवाहू शेती, त्यात सोयाबीन आणि तूर, आणि लग्नसराई आली की घोडी. त्यांच्या हाताखालून बऱ्याच घोड्या गेल्या, पण आताची ही पांढरी त्यांची सगळ्यांत लाडकी. ती मारुतीला नमस्कार करते म्हणून आसपासच्या गावांत तिचं नाव होतं. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या देवळापर्यंत जातो, त्याला परण्या म्हणतात. देवळासमोर तो हात जोडून मान खाली घालतो. बाबांनी नेमकं तेच हेरलं. पाठीवरच्या माणसानं मान झुकवली, त्याचं वजन किंचित पुढं आलं, की घोडीनं पुढचा पाय उचलून धरायचा, मान वळवायची आणि मग जागच्या जागी नाचायचं, असं त्यांनी तिला शिकवलं. हलगी वाजो न वाजो. मग नवरदेवाकडे कुणी बघायचं नाही. त्याला वाईट वाटत असेल तर तो ते बायकोला सांगत असेल.

मी घोड्यावर बसले ती चाळिशी ओलांडल्यावर. हिंगोलीच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. औंढ्याच्या रस्त्याला घोडदळातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपल्या शेतात रायडिंगचा वर्ग सुरू केला होता, तिथं मुलांची सहल घेऊन गेले. मुलं बसली, उतरली, कुल्फी खायला पळाली. मी तिथंच घुटमळत राहिले. दुसऱ्या रविवारी परत गेले. नवरा म्हणाला, "गुडघे सांभाळ." त्याच्याकडून एवढा पाठिंबा पुष्कळ झाला.

त्या गृहस्थांना सगळे सर म्हणतात. ते मला मॅडम म्हणत, आणि त्या मॅडमच्या पुढं जे काही बोलत त्यापेक्षा शिव्या बऱ्या. त्यांना शर्यतींचं कौतुक नव्हतं, त्यांचं वेड ड्रेसाजचं. म्हणजे काय, तर मुरमाच्या मैदानावर चुन्यानं एक लांबट चौकोन आखायचा, कडेनं तेलाच्या रिकाम्या डब्यांवर इंग्रजी अक्षरं रंगवून ठेवायची, आणि या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत चालत, तिथून पुढं दुडकीनं, इथं गोल, तिथं थांबा. घोड्यानं आपखुशीनं चालल्यासारखं चालायचं आणि स्वारानं आपण काही करतोय हे कुणाला दिसू द्यायचं नाही. ती अक्षरंसुद्धा ओळीनं नाहीत. एच्या शेजारी के, केच्या शेजारी ई, ना शेंडा ना बुडखा. औंढ्याला दर्शनाला निघालेल्या गाड्या कुंपणापाशी थांबायच्या. एक म्हातारी बराच वेळ बघून लेकाला म्हणाली, "बाईला रस्ता सापडून न्हाई राहिला का रे?"

म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. मधल्या रेषेवरून सरळ चालत जाणं मला जमता जमेना. मी घोड्याला दोष द्यायची आणि सर खुर्चीतून सांगायचे, "मॅडम, घोडा सीधा है. तिरछे तो आप बैठे हो." घरी येऊन मी भांडी आपटायची. पण रविवार आला की पुन्हा जायची. आयुष्यभर वर्गात मीच दुसऱ्यांना सरळ बसा म्हणत आले होते, आता कुणीतरी मला म्हणत होतं, आणि त्यात मला सुख होतं, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मग सरांचा म्हातारा घोडा लंगडायला लागला. सरांनी माझं नाव पुण्याच्या स्पर्धेसाठी दिलं होतं, सगळ्यांत खालच्या इयत्तेत, आणि आता घोडाच नव्हता. मी गावी गेले आणि बाबांना पांढरी मागितली. मनात धाकधूक होती. बाबांनी घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चातुर्मासात रिकामीच ऱ्हाती. ने. तुळशीचं लगीन लागलं की वापस." घोडी दिली, पण एकटी दिली नाही. कपड्यांची पिशवी घेऊन स्वतःही टेम्पोत चढले, घोडी सरांच्या शेतात बांधली आणि आमच्या हिंगोलीच्या घरी राहायला आले.

मी पहिल्यांदा पांढरीवर बसले तेव्हा बाबा मैदानाच्या कडेला काठी टेकून उभे होते. मी रिकिबीत पाय घातला आणि त्यांनी तोंड फिरवलं, हौदाकडे बघत राहिले. त्यांनी बघावं, एवढंच मला हवं होतं. स्पर्धा, पदक हे सगळं बोलायला होतं. माझ्या बापानं मला आपल्या घोडीवर बसलेलं बघावं आणि म्हणावं की व्हय, तुला येतं. चाळिशी उलटलेल्या बाईनं असं काही मागावं का, हे मला माहीत नाही. मला ते हवं होतं.

पांढरी हुशार होती. दिवाळीपर्यंत ती त्या चौकोनात माझ्यापेक्षा सरळ चालायला लागली. एका गोष्टीकडे मात्र आमचं सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं. ड्रेसाजची चाचणी सुरू करताना मधोमध थांबून, लगाम एका हातात घेऊन, मान झुकवून परीक्षकांना नमस्कार करायचा असतो, आणि संपल्यावर पुन्हा. सरावात आम्ही थांबायचो आणि पुढं निघायचो. मान झुकवायला काय शिकायचं? मी रोज मुख्याध्यापकांपुढं झुकवतेच.

पुण्याला उंचेपुरे, तुकतुकीत घोडे होते, आयाळीच्या बारीक वेण्या घातलेले. मी मागून आणलेला काळा कोट घातला होता, तो खांद्यात उसवत होता. घंटा झाली. पांढरी आत शिरली ती इतकी सरळ, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. मधोमध थांबली. मी लगाम डाव्या हातात घेतला, उजवा हात खाली सोडला आणि मान झुकवली.

पांढरीनं पाय उचलला. मान वळवली. आणि मग, ना हलगी ना ताशा, त्या स्वच्छ शांत मैदानात ती नाचायला लागली.

मला आधी कळलंच नाही काय होतंय. कळलं तेव्हा लगाम आवळला, ती थांबेना. टोपी घातलेल्या परीक्षक बाई पेन धरून थांबल्या होत्या. कुंपणापाशी हशा पिकला, लोकांनी मोबाइल वर केले. कशीबशी तिला पुढं काढली, चाचणी पुरी केली, आणि शेवटच्या नमस्काराला मान झुकवावी की नाही याचा विचार करेपर्यंत सवयीनं झुकली. पांढरी पुन्हा नाचली, आधीपेक्षा झकास. आमचा नंबर शेवटचा आला. एक मुलगी येऊन म्हणाली, "किती गोड आहे हो तुमची घोडी." तो गोडवाच मला जास्त लागला.

बाबा कुंपणापाशी होते. ती पहिल्यांदा नाचली तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता, शेजारच्या माणसाला ते काहीतरी सांगतही होते. मग त्यांना दिसलं की लोक घोडीला नाही, मला हसताहेत. परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरच्या शेजारी आणि ते मागं घोडीपाशी बसले. हिंगोलीला उतरल्यावर मी म्हणाले, "बाबा, तिचं काही चुकलं न्हाई. तिनं बराबर केलं."

"मला दिसलं काय झालं ते," बाबा म्हणाले आणि तिला पाणी दाखवायला गेले.

तुळशीचं लग्न लागलं. घोडी परत न्यायची गोष्ट बाबांनी काढली नाही, मीही विचारलं नाही. एका सकाळी मैदानावर गेले तर बाबा आधीच तिला खोगीर घालून उभे. म्हणाले, "बस. अन् झुकव मान."

मी झुकवली. पांढरीनं पाय उचलला. बाबांनी तिच्या छातीवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाले, "न्हाई. ऱ्हा." पाय खाली आला. "परत." पुन्हा पाय उचलला गेला, पुन्हा तळहात. कधीतरी चुकून ती क्षणभर उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडात गुळाचा खडा. हाच गूळ त्यांनी तिला पाय उचलण्यासाठी दिला होता.

घोडीला काही उमगेना. ज्या माणसानं शिकवलं तोच नाही म्हणत होता. आपलंच काहीतरी कमी पडतंय असं तिला वाटलं असावं, कारण ती आणखी उंच पाय उचलायची, मान आणखी वळवायची, जीव ओतून नाचायची आणि बाबांच्या तोंडाकडे बघायची. बाबांची काठी मुरमात रुतलेली. ते हौदाकडे गेले, तोंडावर पाणी मारलं, आणि आमच्याकडे पाठ करून तिथंच उभे राहिले.

मी म्हणाले, "राहू द्या बाबा. मी सोडते हे. हौस झाली."

"तू गप," ते म्हणाले. "म्या शिकवलं, म्याच मोडतो. दुसऱ्याच्या हातानं मोडलं तर तिला वाटंल तिचं चुकलं."

त्या दिवशी सरांनी आपली खुर्ची बाबांसाठी हौदापाशी नेऊन ठेवली.

तो अख्खा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा बाबा रोज सकाळी तिच्यापुढं उभे राहिले. घरी आल्यावर त्यांचं कंबरडं धरायचं, मी शेक द्यायची. तेव्हा ते आपणहून माझ्या चुका सांगायचे. डावा खांदा पडतो, टाच वर येते, वळताना श्वास धरतेस. म्हणजे ते बघत होते. इतका आनंद झाला, की मी शेकायची फडकी दोनदा जाळली.

पुढच्या वर्षी पुण्याला माझा गोल वांग्याच्या आकाराचा झाला, एका ठिकाणी मी अक्षरच चुकले, आणि नंबर असा आला की यादी खालून वाचली तर लवकर सापडावा. पण दोन्ही नमस्कारांना पांढरी उभी राहिली. एक कान हलला, तेवढाच. परीक्षक बाईंनी आमच्या थांबण्याला सगळ्यांत चांगले गुण दिले होते. बाबांना सांगितलं.

"उभं ऱ्हायल्याचे गुण भेटतेत?"

"भेटतेत."

"अन् नाचल्याचे?"

"नाचलं तर कापतेत."

बाबांनी विचार केला. "अजब खेळ हाय," म्हणाले.

त्या लग्नसराईत आमच्या भावकीतल्या एका पोराचं लग्न निघालं. घोडी घरचीच हवी, असं त्याच्या बापाचं म्हणणं. बाबांनी सांगितलं, "नाचायची न्हाई आता. नुसती बसायला पायजे तर ने." तो हसला. त्याला ती थट्टा वाटली असणार.

बाबांना तेवढं चालवेना, म्हणून परण्याला लगाम धरून मी चालले. गावातून वाजतगाजत मारुतीपुढं आलो. हलगीवाल्यांना ठाऊक होतं आता काय व्हायचं ते, त्यांनी जोर धरला. बाया ओट्यावर चढल्या, लेकरं पुढं घुसली. नवरदेवानं हात जोडले, मान झुकवली.

पांढरीच्या अंगावरून एक शहारा गेला. तो मला लगामातून कळला. ती उभी राहिली. हलग्या वाजत राहिल्या, मग एकेक करून थांबल्या. कुणीतरी विचारलं, "काय झालं हिला? बिमार हाय का?" एक म्हातारा म्हणाला, "वाया घालवली घोडी." मला बाबांकडे बघायचा धीर होईना. याच देवळापुढं, याच माणसांत त्यांनी ते नाव कमावलं होतं, आणि ते माझ्यापायी गेलं होतं.

बाबा काठी टेकत गर्दीतून पुढं आले. पांढरीच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बिमार न्हाई ती. नाचत्या तर समद्याच. ही कशी उभी हाय ते बघा, चारी पाय बराबर. माझ्या लेकीनं शिकवलं तिला."

शिकवलं त्यांनी होतं. मी तसं सांगणार होते, पण लगाम धरून पांढरीसारखीच सरळ उभी राहिले.