तटावरची ओटी

नवस फेडायला देवी कुठून आणायची, या प्रश्नाने त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली होती. माझा नवरा मंदार करोनातून वाचून घरी आला खरा, पण रायस्वाइक या डच गावातल्या आमच्या फ्लॅटमधला सोफा काही त्याला सुटेना. पुण्यात असताना हा माणूस दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असायचा. आता बाथरूमपर्यंत जातानाही भिंत धरायचा. फिजिओथेरपिस्ट सांगायची, फुप्फुसं सुधारली आहेत, आता भीती घालवायची आहे, त्याला चालवा. तो म्हणायचा, "उद्या बघू." तो उद्या काही उजाडत नव्हता.

मंदार हॉस्पिटलात असताना सासूबाई पुण्याहून फोनवरच नवस बोलल्या होत्या: माझा लेक स्वतःच्या पायांनी गड चढला, की गडावरच्या देवीची ओटी भरीन. मग लगेच म्हणाल्या, "म्हणजे तू भर हं. माझ्या हातून चालत नाही." सासरे गेल्यापासून आईंनी कुणाची ओटी भरली नव्हती, की स्वतःची भरून घेतली नव्हती. इकडे विमानं बंद, गड सातासमुद्रापार आणि नवस माझ्या गळ्यात. खरं सांगते, तेव्हा माझा देवावरचा विश्वासही डळमळला होता. पण मी मुलखाची हट्टी. देवी येवो न येवो, मंदारला मी चढवणारच, असं ठरवून टाकलं.

या सपाट देशात गड शोधायचा म्हणजे दिवसा चांदणं शोधण्यापैकीच. शेवटी ब्रीले सापडलं. समुद्राजवळचं जुनं, तटबंदीचं गाव. कधीकाळी तिथे स्पेनच्या राजाचा अंमल होता.

"भुईकोट आहे, तोफासुद्धा आहेत," मी मंदारला म्हटलं.

"भुईकोटाला कोणी गड म्हणत नाही," तो कुरकुरला. पण वाद घालायला का होईना, उठून बसला. मला तेवढं पुरे होतं. खण, नारळ, तांदूळ आणि हळदीकुंकू पिशवीत टाकून मी गाडी काढली.

गाव मोठं देखणं निघालं. खिडक्यांना लाल-पांढऱ्या झडपा, हिरवीगार दारं, पिवळ्या विटांची निमुळती घरं आणि दारोदारी माणसाच्या उंचीची गुलाबी फुलं. मंदार चार घरं चालायचा की बाक शोधायचा. कालव्याकाठी कॉफी घेतली, पुन्हा चार घरं चाललो, आणि दुपारी एकदाचे तटाशी पोचलो. वर जाणारी पायवाट पोरंसोरं धावत चढतील एवढीच होती. अर्ध्यावर मंदार थांबला. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने भिजलेला.

"नाही जमत. मला खाली घेऊन चल."

येणारे-जाणारे नियमाप्रमाणे अंतर राखून, हळहळत पुढे जात होते. मला त्याला वर नेता येईना आणि खाली न्यायला मन धजेना. डोळे मिटून मी म्हटलं, देवी आई, इथून पुढे माझं काही चालत नाही गं.

डोळे उघडले तर वरून एक डच आजी रोलाटर ढकलत येत होती. चाकं, पुढे टोपली आणि बसायला पाट असलेला हा वॉकर म्हणजे इथल्या वृद्धांचं हक्काचं वाहन. तिने मंदारकडे एकवार पाहिलं, ब्रेक लावला, रोलाटर तिथेच सोडला आणि स्वतः मागे सरून झाडाच्या खोडाला टेकली.

"बस त्यावर," ती इंग्रजीत म्हणाली. "घाबरला आहेस तू. नवरा करोनाने गेला, तेव्हा मीही इथेच अडकायचे. आता रोज चढते. दम खा, मग ढकलत वर जा. मी थांबते."

मंदार बसला. थोड्या वेळाने उठला, रोलाटरच्या मुठी घट्ट धरल्या आणि ढकलू लागला. मी मागून हात न लावता चालले. वर तोफेवर हात ठेवून तो म्हणाला, "हा गड नाहीच आहे," आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

वर कुठे देऊळ दिसेना. खाली झाडाला टेकून ती उभी होती. मग मी विचार केलाच नाही. रोलाटर परत करताना त्याच्या टोपलीत खण घातला, तांदूळ घातले आणि नारळाला हळदीकुंकू लावून तो वर ठेवला. आमच्याकडे असा मान देतात, एवढंच तिला सांगितलं. तिने खणावरून हात फिरवला. मग नारळ उचलून माझ्याकडे परत दिला. "मला हा फोडता यायचा नाही. त्याला दे, अजून उतरायचं आहे." देवळात पुजारी प्रसादाचा नारळ परत देतात, तसा तो माझ्या हातात आला. उरलेला उतार मंदार कशाचाही आधार न घेता उतरला.

ती कोण होती याचा मी खल करत नाही. हट्ट माझा होता, तो अर्ध्या चढापर्यंत पुरला. पुढे मी हात टेकले आणि तिथून कुणीतरी धरून नेलं. त्या कुणालातरी मी रोज संध्याकाळी दिवा लावताना नमस्कार करते.

घरी येऊन आईंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सवाष्ण होती ना गं ती?"

मी खरं ते सांगितलं.

"देवी पावली," आई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "इकडे आलीस ना, की माझीही भर."