विहीणबाईंची जेवणाची साडी

जेवायला बसताना अंगावर काय असावं, या विषयात माझ्या विहीणबाईंच्या तोडीचं माणूस अख्ख्या पुण्यात नाही. आणि पुण्यात नाही म्हटल्यावर बाहेर शोधायचं कारण नाही, असं त्यांचं स्वतःचंच मत आहे. त्या माझ्या सुनेच्या आई. कसबा पेठेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. रोज संध्याकाळी तोंड धुऊन, केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून, कानात मोत्याच्या कुड्या घालून त्या जेवायला बसतात. पाहुणे येणार असतात म्हणून नव्हे. कुणीच येणार नसतं, आणि ताटात पुष्कळदा नुसता दहीभात असतो. मी एकदा म्हटलं, "दहीभातासाठी एवढा थाट?" तर म्हणाल्या, "का? दहीभाताने काय घोडं मारलंय?"

साधारण माणूस आधी भाजी ठरवतो. विहीणबाई आधी कपाट उघडतात. चिंचगुळाची आमटी असेल तर चॉकलेटी इरकल, कढी असेल तर मोतिया रंगाचं काहीतरी, बिटाची कोशिंबीर फक्त डाळिंबी साडीवर. सांडलं तर दिसू नये, हे त्यामागचं शास्त्र. पण शास्त्राचं व्हायचं तेच झालं आणि ते उलट्या दिशेने धावू लागलं. "आज वांगी रंगाची नारायणपेठ काढलीय, तेव्हा भरली वांगी करणं भाग आहे," असं मी त्यांच्या तोंडून माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. टेलिफोन खात्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. तिथे त्यांना पलीकडचा माणूस फक्त ऐकू शकत होता, तरी त्या रोज लग्नाला निघाल्यासारख्या जात. "चुरगळलेल्या पदराचा आवाजसुद्धा चुरगळलेला येतो," हे त्यांचं तत्त्व. एकदा त्यांच्याकडे न्हाणीघरातला नळ तुटला. प्लंबर दहा मिनिटं दार ठोठावत होता आणि आत पाणी बैठकीपर्यंत आलं होतं. दार उघडलं तेव्हा विहीणबाई घोटाभर पाण्यात, पिन लावलेल्या पदरानिशी, सरळ उभ्या. त्या प्लंबरला म्हणाल्या, "या. चपला बाहेर काढा."

आता मी कोण, तेही सांगते, म्हणजे आमचं का जमत नाही ते कळेल. मी बार्शीकडून पुण्यात आले तेव्हा माझ्याजवळ एक पोळपाट आणि एक नवरा होता. बिबवेवाडीत एका खोलीत दोन तवे मांडून धंदा सुरू केला. आज बावीस बायका माझ्या हाताखाली पोळ्या लाटतात आणि खराडीच्या तीन मोठ्या कचेऱ्यांत आमचं जेवण जातं. हे सगळं मी घासाघीस करून मिळवलंय. मार्केट यार्डात मी गाडीतून उतरले की गव्हाचे व्यापारी चहा मागवतात. लवकर सुटका नाही, हे त्यांना ठाऊक असतं. विहीणबाईंना मात्र घासाघीस म्हणजे असभ्यपणा वाटतो. एकदा लक्ष्मी रोडवर एका दुकानदाराला मी पाऊण तास घोळवून अगदी काठावर आणला होता. तो पट्टी खाली ठेवून हो म्हणणार, एवढ्यात शेजारून विहीणबाई म्हणाल्या, "साडी सुरेखच आहे हो. एवढ्याला मिळतेय म्हणजे स्वस्तच." दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली. मला दिली नाही.

पण माझा खरा राग तो नाही. खरा राग सहा वर्षांपूर्वीचा. लग्न ठरल्यावर त्यांच्याकडची अठरा माणसं पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली. पुरणपोळ्या मी स्वतः करत होते, कारण दुसऱ्याच्या हातची पुरणपोळी मी पाहुण्यांना घालत नाही. पहिली ताटली घेऊन बाहेर आले ती अंगात गाऊन, खांद्यावर पंचा, कोपरापर्यंत पीठ. विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अतिशय गोड आवाजात, टेलिफोनवरच्या, म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही तयार होऊन या. आम्ही थांबतो." आणि खरंच थांबल्या! अठरा माणसं हात मांडीवर घेऊन बसली. मी आत जाऊन कशीबशी साडी गुंडाळली आणि बाहेर आले, तोवर पोळ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. माझ्या हातची पोळी गार खाल्ली गेली, आणि तीही माझ्या कपड्यांमुळे. हे मी विसरलेले नाही. विसरण्याचा विचारही नाही.

तर गेल्या हिवाळ्यात मुलाने आणि सुनेने आम्हा दोघींना जहाजावर न्यायचं ठरवलं. मुंबईहून निघायचं, चार रात्री समुद्रात फिरायचं आणि परत यायचं. पोळ्या थांबत नाहीत म्हणून आमचे हे मागे राहिले. मुलाने मला हळूच सांगितलं, "आई, तू आणि त्या एका केबिनमध्ये." मी म्हटलं, "जहाज परत करता येतं का?"

विहीणबाईंना मात्र त्या जहाजात समुद्राचं काही नव्हतं. त्यांना कुठूनसं कळलं होतं की तिथे तिसऱ्या रात्री जेवणाला औपचारिक पोशाख करून यायचं असतं आणि तसं कार्ड आदल्या दिवशी दाराखालून आत सरकवतात. त्यांनी मला मुद्दाम फोन केला. "अहो, मी आजवर एकटीच वेडी होते," त्या म्हणाल्या. "आता हजार-दोन हजार माणसं एका वेळी तयार होऊन जेवायला बसलेली बघायला मिळणार. एकदा बघितलं की माझं झालं." त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखा. पुढचे दोन महिने त्यांनी साडी निवडण्यात घालवले आणि शेवटी चिंतामणी रंगाची पैठणी ठरली. सून म्हणाली, "आई, चिल ना. तिथे कोण बघतंय?"

"ताट बघतं," विहीणबाई म्हणाल्या.

बंदरावर सामान तपासताना पहिला घाव बसला. त्यांची छोटी प्रवासी इस्त्री काढून घेतली. केबिनमध्ये इस्त्री चालत नाही, आग लागते. "चाळीस वर्षं इस्त्री करतेय, अजून पेठ जळली नाही," असं त्या बोलल्या, पण आवाजातला जोर गेला होता. केबिनमध्ये बॅग उघडली तर पैठणीला मधोमध आडवी घडी पडलेली. विहीणबाई पलंगाच्या कडेला बसून त्या घडीकडे एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. मला ते बघवेना. प्रेम वगैरे नाही. केबिन लहान होती, दुसरीकडे बघायला जागा नव्हती. आमच्या लहानपणी इस्त्री कुठली? पितळी तांब्यात निखारे घालायचे आणि तो कपड्यावरून फिरवायचा. केबिनमध्ये किटली होती, माझ्याजवळ चिवड्याचा सपाट बुडाचा स्टीलचा डबा होता. चिवडा कागदावर ओतला, डब्यात उकळतं पाणी भरलं, पैठणीवर पातळ पंचा टाकला आणि अर्धा तास डबा फिरवला. घडी गेली. विहीणबाईंनी काठावरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाकीच्या साड्या तुमच्या गादीखाली घालते. तुमच्या वजनाचा उपयोग होईल." ही त्यांची आभार मानायची रीत.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही खाली जेवणाच्या दालनात गेलो. विहीणबाई पैठणीत, केसांत फुलं, चाल अशी की वाटेत लोक आपोआप बाजूला होत होते. मी आपली रोजच्या पंजाबी ड्रेसमध्ये. कुणी मला तयार व्हायला सांगावं आणि मी व्हावं, हे पुन्हा घडणार नव्हतं. दार उघडलं. आत तीन-चारशे माणसं हाफ पँटी, बनियनसारखे टी-शर्ट आणि रबरी चपला घालून जेवत होती. एक गृहस्थ ओल्या टॉवेलवर बसून पनीर खात होते. आमची सून ट्रॅक पँटमध्ये हात हलवत होती, "आई, इकडे!" पैठणीकडे दोन-चार जणांनी पाहिलं आणि एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "कुणाचं तरी लग्न दिसतंय बोटीवर."

विहीणबाई दारात क्षणभर थांबल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जेवा. मला भूक नाही." आणि वळून लिफ्टकडे गेल्या, पाठ तशीच ताठ. वर जाऊन पाहिलं तर पैठणीतच पलंगावर बसून कागदावरचा चिवडा खात होत्या. "लोकांना जेवण म्हणजे पोट भरणं वाटतं," एवढंच बोलल्या. "माझीच समजूत चुकली. या वयात चुकायला नको होती."

त्या क्षणी मला जो राग आला, तो कुणाचा आला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी सरळ खाली गेले आणि दालनाच्या व्यवस्थापकाला गाठलं. काळा कोट, गळ्याला बो, बोलणं हिंदीत. मी त्याच्या नाकासमोर दाराखालून आलेलं ते कार्ड धरलं.

"हे काय आहे?"

"मॅडम, वो तो सिर्फ सजेशन है."

"मग छापता कशाला? एक बाई दोन महिने तयारी करून आली. तुमच्या या चिठोऱ्यावर विश्वास ठेवून!"

"हळू बोला हो बाई," तो एकदम मराठीत आला. "मी रत्नागिरीचा आहे. सगळं कळतंय. पण हाफ पँटवाल्याला अडवलं की तो मोबाइल काढून व्हिडिओ करतो. मी काय करू?"

घासाघिशीचा पहिला नियम असा की जे मिळणार नाही ते आधी मागायचं. मी मागितलं, उद्या शेवटच्या रात्री नीट कपडे नसलेल्या एकालाही आत घ्यायचं नाही. तो हसला. मी अर्ध्या दालनावर आले. तो मान हलवत राहिला. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि मला कसलीच घाई नाही हे त्याला कळू दिलं. शेवटी खिडकीकडची सहा टेबलं ठरली. पांढरं कापड, काचेचे पेले, आणि तयार होऊन आलेल्यांनाच प्रवेश. "पण चोवीस माणसं तुम्ही आणायची," तो म्हणाला. "साडेआठपर्यंत टेबलं भरली नाहीत, तर सगळ्यांना मोकळी करीन." आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने मला माझ्याच तोलाची अट घातली. मी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी जहाज पालथं घातलं. तरणतलावात उभ्या असलेल्या माणसाला वाकून विचारलं, "कोट आणलाय का?" तो दचकला, मग लाजला. म्हणाला, "आणलाय. पण कुणीच घालत नाही, म्हणून..." नागपूरची एक बाई म्हणाली, "साडी आहे जी, पण मुलगी म्हणते, मम्मी, ओव्हर होईल." ज्याला विचारावं त्याच्या बॅगेच्या तळाशी चांगला कपडा होता. प्रत्येकाने हौसेने आणलेला, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघून झाकून ठेवलेला. मी कुणाला गोड बोलले, कुणाला झापलं. एका वयस्क गुजराती जोडप्याला तर केबिनच्या दारापर्यंत पोचवून आले. सुनेला म्हटलं, "तू आणि तुझा नवरा ट्रॅक पँटीत दिसलात, तर खराडीला तुमच्या कचेरीत डबा बंद."

मग प्रश्न उरला माझा. मी केबिनमध्ये गेले, त्यांच्या साड्यांबरोबर गादीखाली सरकवलेली माझी एकुलती एक रेशमी साडी काढली आणि नेसले. विहीणबाई नेहमीसारख्या साडी नेसून, पाठ करून खिडकीतून समुद्र बघत होत्या. मी म्हटलं, "चला जेवायला. मला एवढं नेसून एकटीला जायची लाज वाटते."

त्या वळल्या. पुन्हा तेच, वरपासून खालपर्यंत. मी भांडायच्या तयारीत उभी. "निऱ्या बोटभर वर गेल्यात," त्या म्हणाल्या, आणि गुडघे दुखत असताना माझ्यापुढे खाली बसल्या. लग्नात मुलीच्या आईने मुलाच्या आईचे पाय धुवायचे असतात. तेव्हा मी पुरणपोळीच्या रागात दोन्ही पाय चांगले पुढे केले होते. आता मात्र मला अवघडल्यासारखं झालं आणि मी मागे सरकले.

"हलू नका हो," त्या म्हणाल्या. "तोंडात पिन आहे."

खाली सहाही टेबलं भरली होती, शिवाय सात माणसं खुर्च्यांची वाट बघत उभी होती. तरणतलावातला माणूस कोटात ओळखू येत नव्हता. सगळे जरा ताठ बसले होते, जरा हळू बोलत होते आणि एकमेकांकडे चोरून कौतुकाने बघत होते. विहीणबाईंनी एकेक टेबल नजरेखालून घातलं. "हे कुणी केलं?"

"जहाजाची पद्धत असते," मी म्हटलं. "शेवटच्या रात्री."

"असं होय," त्या म्हणाल्या. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. आम्ही समोरासमोर बसलो. सूप आलं. त्यांनी चमचा उचलला आणि परत ठेवला. "आमचे हे रात्री धुतलेला शर्ट घालून जेवायला बसायचे," त्या सूपकडे बघत म्हणाल्या. "घरातल्या घरात. ते गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्यासमोर कपडे बदलून कुणी जेवायला बसलं नव्हतं."

मी पदर सावरला आणि पाठ सरळ केली. मग आधी माझा चमचा उचलला.

सहा वर्षांपूर्वीचा राग मी अजून सोडलेला नाही. माझा आहे, मी ठेवीन. पण परतल्यापासून दर रविवारी संध्याकाळी तवे बायकांवर सोपवून मी साडी नेसते आणि रिक्षाने कसब्यात जाते. रिक्षावाला हटकून विचारतो, "लग्न का ताई?" मी म्हणते, "नाही. आमटीभात." तो लांबून नेतो, मला कळतं, पण त्या दिवशी मी त्याच्याशी भांडत नाही. भांडलं की पदर सुटतो. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो, आणि मी जिन्यात थोडी थांबून दम खाते.