अण्णांच्या मापाची मोटार

भोकरदनच्या आमच्या बातमीदाराचे पाकीट रोज संध्याकाळी एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर औरंगाबादच्या कचेरीत येते. दीड महिन्यापूर्वी आलेल्या पाकिटात चार ओळींची एक बातमी होती. धावडा येथील मोटार-कारागीर दिगंबर यांचे छातीत कळ येऊन आकस्मिक निधन झाले. ते तेथील कै. अण्णा पाटील यांचे चिरंजीव होत, असे तीत म्हटले होते. घरी तार आली होती, पण मी कचेरीत होतो. त्यामुळे दिगू गेल्याचे मला प्रथम त्या कागदावरून कळले. बातमीदार नवा होता, आमचे नाते त्याला ठाऊक नव्हते. मी पेन उचलले, 'चिरंजीव' खोडले, वर 'भाचे' लिहिले आणि मग कागद खाली ठेवला... अण्णा पाटलांचा चिरंजीव मी आहे, एकुलता एक. हातातल्या मजकुरातली चूक आधी काढायची ही धंद्याची सवय, असे मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितले. ते पूर्ण खरे नव्हते. धावड्यातले लोक ही चूक दहा वर्षे करत आले होते आणि दर वेळी मी ती दुरुस्त केली होती.

दिगू माझा आतेभाऊ. आत्या गेली तेव्हा अण्णा त्याला घरी घेऊन आले. तो नऊ वर्षांचा होता, मी अकरा. पुढे मी शिकायला बाहेर पडलो, पदवी घेतली, वर्तमानपत्रात लागलो. तो उर्दू शाळेतून लवकर बाहेर पडला आणि जालन्याच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर राहिला. पोलीस ॲक्शननंतर ते जिनिंग काही महिने बंद होते, तेव्हा तो घरी परतला तो एक मोटार घेऊनच. जिनिंगच्या मारवाडी शेठजींच्या वखारीत ती कित्येक वर्षे उभी होती. उघड्या टपाची, विलायती, नावाची पट्टी कुणीतरी काढून नेलेली. शेठजींनी ती त्याला कामाच्या मोबदल्यात दिली आणि हसत म्हणाले की, घेऊन जा, कोंबड्यांना मी दुसरी जागा बघून देतो. इंजिन सुरू होत नव्हते. दोन बैलजोड्या जुंपून, वाटेत तीन मुक्काम करून दिगूने ती धावड्याला आणली. भोकरदनच्या बाजारात लोकांनी तिला गराडा घातला. ही खाते काय, असे एकाने विचारले, तेव्हा दिगूने बैलांकडे बोट दाखवून सांगितले, "सध्या तरी कडबा." हा किस्सा मला अण्णांनी सांगितला. मला सांगितलेला एवढाच एक किस्सा मला आठवतो, आणि तोही दिगूचा होता.

अण्णांचे गुडघे तेव्हा धरू लागले होते. पाय दुमडेना, बैलगाडीत चढता येईना, चढवले तर हादरे सोसवेनात. पिंपळगावच्या रेणुकाईला ते दर नवरात्रात सातव्या माळेला जात. ते आजोबांपासून चालत आलेले होते. दोन वर्षे ते चुकले होते, आणि अण्णा त्याबद्दल काही बोलत नसत. दिगूने मोटार अंगणातल्या लिंबाखाली उभी केली, सुटे भाग गोणपाटावर मांडले आणि दुसऱ्या दिवशी अण्णांची खाट ओसरीवरून तिथे नेऊन टाकली. त्यानंतर पाच-सहा वर्षे अण्णांचा दिवस त्या झाडाखालीच गेला. हातात पाना घेऊन ते बोटाने त्याचे तोंड चाचपत आणि दिगूने मागण्याआधी नेमका लागणारा पुढे करत. गाडी, नांगर आणि मोट यांपलीकडे कुठल्या यंत्राला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. मी दिवाळीला चार दिवस गेलो, तर माझ्याशी त्यांचे बोलणे प्रवास कसा झाला आणि परत कधी जाणार यापुढे गेले नाही. मी आणलेली वर्तमानपत्रे त्यांच्या उशाशी होती. त्यांतल्या एका कागदावर दिगूने स्क्रू ठेवले होते. त्या अंकात पहिल्या पानावर मी लिहिलेली बातमी होती. मी ते कुणाला सांगितले नाही, पण विसरलोही नाही.

मोटारीच्या दाराच्या खिशात एक इंग्रजी पुस्तिका सापडली होती, ओल लागून फुगलेली. दिगूला इंग्रजी येत नव्हते. त्या दिवाळीत त्याने ती माझ्या हातात दिली आणि एवढे मराठीत करून दे म्हणाला. तारेने आलेल्या इंग्रजी बातम्यांचे मराठी करणे हेच माझे रोजचे काम. पुस्तिका चार-पाच संध्याकाळींच्या कामाची होती. औरंगाबादला पोचलो त्याच दिवशी मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली. पुढच्या वर्षभरात त्याची चार पत्रे आली. कामाचा ताण आहे, असे मी चारही वेळा कळवले. कचेरीत त्या वर्षी विशेष ताण नव्हता.

दिगूचे काम क्लचशी अडले होते. त्या जुन्या मोटारीत क्लचला चामडे लावलेले असे, ते कुजले होते. त्याने आमच्याच विहिरीवरच्या मोटेचे चामडे कापून, बेतून तिथे बसवले. इंजिन सुरू झाले, पण क्लच सोडला की गाडी वासरासारखी उसळे आणि बंद पडे. चामडे पातळ करून पाहिले, खिळे बदलले, स्प्रिंग ढिली केली. दसऱ्याआधी एकदा मी गेलो तेव्हा मोटारीची बाकीची कामे झाली होती. मागचा भाग कापून तिथे गावच्या सुताराकडून फळ्या टाकून घेतल्या होत्या. ड्रायव्हरशेजारची बैठक लाकडी रुळावर बसवली होती. ती दाराबाहेर सरकवायची, तिच्यावर माणसाने पाठमोरे टेकायचे आणि मग बैठकीसकट त्याला आत ढकलायचे, गुडघा न दुमडता. पुढची फळी पाय लांब करता यावेत म्हणून काढून टाकली होती. असली बैठक मी पूर्वी पाहिली नव्हती, नंतरही नाही. पण मोटार उसळतच होती. त्या नवरात्रात सातवी माळ आली आणि गेली. अण्णा खाटेवर बसून होते.

"यंदा न्हाई जमलं," ते म्हणाले. ते दिगूला म्हणाले, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

उपाय पुस्तिकेत होता. चामड्याचा क्लच झटका देत असल्यास चामड्यास एरंडेल तेल पाजावे, अशा अर्थाचे एक वाक्य होते, तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस. मी ते वाचलेले होते. मी लिंबाखाली, त्या दोघांपासून चार हातांवर उभा होतो आणि मी ते सांगितले नाही.

तो उपाय पुढे हिवाळ्यात अण्णांनीच काढला. दिगूने क्लच पुन्हा उतरवून चामडे हातात घेतले होते. अण्णांनी ते मागितले, दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिले, वास घेतला आणि म्हणाले, "कोरडं हाय रे हे. मोटेला आपण एरंडेल पाजतो का न्हाई? मंग ह्याला का न्हाई?" तीन दिवस ते चामडे एरंडेलात पडून होते. चौथ्या दिवशी मोटार न उसळता अंगणातून निघाली आणि वेशीपर्यंत जाऊन आली. ही हकीकत मी पाहिलेली नाही. अण्णांनी ती माझ्यासमोर इतरांना इतक्या वेळा सांगितली की शब्दही पाठ आहेत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी एरंडेल सांगत आणि मग पाणी विचारत.

पुढच्या सातव्या माळेला ते पिंपळगावला गेले. मी मुद्दाम रजा काढून आलो होतो. बैठक बाहेर आली, अण्णा टेकले, दिगूने दोन्ही हातांनी त्यांना अलगद आत सरकवले. पुढे दोघांचीच जागा. मी मागे फळ्यांवर, नारळांच्या पोत्याला टेकून, तोंड मागे करून बसलो. सबंध वाटभर मला मागे पडणारा रस्ता आणि आमचीच धूळ दिसत होती. पुढे ते दोघे बोलत होते, मधूनच अण्णा मोठ्याने हसत होते. इंजिनाच्या आवाजात मला एकही वाक्य धड ऐकू आले नाही. अण्णांचे तसे हसणे मी लहानपणी कधी ऐकले होते का, हे आठवण्याचा मी प्रयत्न करत होतो... देवळाच्या पायरीशी एका म्हाताऱ्याने दिगूकडे पाहून अण्णांना म्हटले, पोरगं नशिबानं मिळालं पाटील तुम्हाला. अण्णांनी मान हलवली. तिथे दुरुस्ती मी केली.

त्यानंतर अण्णांच्या वाट्याला आणखी दोन नवरात्रे आली. एकूण तीन. चार येऊ शकली असती.

या वर्षी अण्णांच्या श्राद्धाला गेलो तेव्हा मी दिगूला ते सांगितले. तीच आमची शेवटची भेट. जेवणे झाली होती, तो मोटारीखालून नुकताच बाहेर आला होता. एरंडेलाचे त्या पुस्तकात होते, मी वाचले होते, मुद्दाम कळवले नाही, असे मी सरळ सांगितले. तो चिडेल, निदान गप्प होईल, अशी माझी तयारी होती. त्याने चिंधीला हात पुसले.

"बरं झालं न्हाई कळवलं ते, भाऊ," तो म्हणाला. "पुस्तकात घावलं असतं तर मामाला सांगायला काय राह्यलं असतं? मरेस्तोवर सांगून राह्यले होते, मोटार माझ्या एरंडेलानं चालली म्हणून."

"आणि ते एक वर्ष?" मी विचारले.

"ते माझ्याबी ध्यानात हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा मोटारीखाली गेला.

त्याने मला क्षमा केली की नाही, ते मला सांगता येत नाही. पण माझी चूकसुद्धा त्याने अण्णांच्या आनंदात नेऊन बसवली, हे मला सोसले नाही. एस.टी.त बसल्यावर मला त्याचाही हेवा वाटत होता. माणूस गेला की त्याच्याविषयी असे वाटायचे थांबते म्हणतात, ते माझ्या बाबतीत लगेच थांबलेले नाही.

तेराव्यानंतर त्याची बायको शांता हिने मला हत्यारांची पडवी उघडून दाखवली. पाने आकाराप्रमाणे लावलेले होते. भिंतीवरच्या खिळ्याला कमरेइतक्या लांबीची एक सुतळी लोंबत होती आणि तिला मध्यापासून वर, बोटा-बोटाच्या अंतराने चार गाठी होत्या. मी विचारले तेव्हा तिने सांगितले की नवरात्र जवळ आले की दिगू अण्णांना जेमतेम टेकता येईल तेवढ्या उंचीवर टेकवायचा आणि त्यांच्या टाचेपासून मांडीखालपर्यंत सुतळी धरून पाहायचा. दर वर्षी गुडघा आणखी धरायचा, मग बैठक तेवढी उंच करावी लागायची. चार गाठी, चार वर्षे. पहिली गाठ त्या नवरात्राची होती, ज्याला मोटार हलली नाही.

मी ती सुतळी खिळ्यावरून काढून हातात घेतली आणि मागितली. अण्णांची आठवण म्हणून माझ्याजवळ राहील, म्हणालो.

 शांता म्हणाली, "बाकी काय लागंल ते न्या भावजी. ही न्हाई देणार. ह्या त्यांच्या हातच्या गाठी हायत."

तोवर मला त्या सुतळीत अण्णांचा पाय दिसत होता, दुसरे काही नाही. तो पाय धरून जमिनीवर उकिडवा बसलेला माणूस, दातात सुतळीचे टोक धरून गाठ ओढणारा, मला तिने सांगितल्यावर दिसला. मी दिगूकडे इतकी वर्षे पाहिले ते तो कुणाशेजारी बसला आहे एवढे बघायला. मी सुतळी तिच्या हातात दिली. तिने ती पुन्हा खिळ्याला अडकवली, टोक भिंतीवर सरळ केले, आणि मी बाहेर येईपर्यंत दार धरून उभी राहिली.