आसगरची ताजी देणगी

आसगर केअरगोर मोर्स बेटावर दुधाचा टँकर चालवायचा. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, दोन्ही हातांनी वासरू उचलेल असा गडी, पण सुई दिसली की आडवा! रक्तपेढीची गाडी गावात आली तेव्हा हा ऐटीत बाही सरसावून बसला आणि नर्सने नुसती पिशवी उघडताच खुर्चीसकट कोसळला. त्याला उचलायला चौघे लागले. तेव्हापासून त्याची थोरली बहीण बोडिल येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या आसगऱ्याला देवाने एवढं धूड दिलंय ते नुसतं बघायला."

बोडिलची बंदराच्या रस्त्यावर बेकरी होती. आई गेली तेव्हा आसगर चालायलाही लागला नव्हता. बोडिल शाळकरी वयाची, पण तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. त्यामुळे तिच्या टोमण्यांचा त्याला कधी राग आला नाही. उलट आपल्या हातून तिचं काहीतरी भलं व्हावं, ही त्याची मनातली जुनी हौस होती.

आणि मग बोडिलची दाढ सुजली. दंतवैद्याने जालीम गोळ्या दिल्या, दाढ बरी झाली, पण पोट बिघडलं. जुलाब थांबेनात. औषध घेतलं की थोडे दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. पहाटे भट्टीपुढे उभी राहणारी बाई भिंत धरून चालायला लागली. गाल बसले, झगा अंगावर लोंबायला लागला. शेवटी आसगर तिला ओर्हूसच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर लिस्बेथ तरुण होत्या आणि आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बोडिल, तुमच्या आतड्यात एक जिवाणू माजलाय. एरवी तो चांगल्या जिवाणूंच्या गर्दीत दबून असतो. दाढेच्या गोळ्यांनी ती गर्दीच उठवली, आणि त्याला रान मोकळं मिळालं. तो विष सोडतो. त्या विषाने आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं."

"मग मारा ना त्याला!" आसगर म्हणाला.

"मारतोय की. पण त्याची बीजं चिवट. औषध थांबलं की पुन्हा उगवतात. आता एकच उपाय, निरोगी माणसाच्या पोटातले चांगले जिवाणू आणून यांच्या पोटात सोडायचे."

"आणायचे कसे?" बोडिलने विचारलं.

"त्याच्या शौचातून."

बोडिलने डोळे मिटून घेतले. "अहो, माझी बेकरी आहे. लोकांना कळलं तर माझ्या पावाला कोण हात लावेल?"

पण आसगर केव्हाच उठून उभा राहिला होता. गुरांच्या लिलावात बोली लावावी तसा हात वर करून तो गरजला, "माझं घ्या! माझं एकदम फर्मास असतं!"

"खाली बस, मेल्या," बोडिल पुटपुटली. पण कित्येक आठवड्यांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं.

आता आधी तपासण्या, आणि त्यात रक्त देणंही आलं. आसगरने नर्सला सांगितलं, "मी आधीच आडवा होतो, म्हणजे तुमचे कष्ट वाचतील." डोळे घट्ट मिटून तो ओळखीच्या गाईंची नावं म्हणत राहिला. गाई संपेपर्यंत सुई निघालीसुद्धा, आणि हा शुद्धीवर!

निकालाचा फोन आला तेव्हा तो एका गोठ्यापाशी टँकरला नळी जोडत होता.

"पास झालो!" त्याने अशी आरोळी ठोकली की गाई बिचकल्या.

"कशात?" गोठ्याच्या मालकाने विचारलं.

"शीमध्ये!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला कळलं. घरी बायकोने, मारेनने, सूत्रं हाती घेतली. राय धान्याचा काळा पाव, कोबी, सुके आलुबुखारे. बियर बंद. "तुझ्या पोटात आता तुझ्या बहिणीचा जीव आहे," ती दटावायची, आणि आसगर पहिलटकरणीसारखा जपून जेवायचा.

ठरलेल्या सकाळी बोडिल वरच्या मजल्यावर पोट धुऊन तयार होती. खाली आसगर झाकणाचा डबा घेऊन संडासात शिरला. आणि काहीच होईना! जन्मात कधी दगा न देणारं पोट नेमकं आज रुसलं. तो बाहेर आला, कॉफी प्यायला, जिने चढला-उतरला, परत आत गेला. नर्स दारावर टकटक करायची, "काही प्रगती?" आतून नुसता उसासा. ताजाच माल हवा होता, आणि वर डॉक्टर खोळंबल्या होत्या. आसगरला दरदरून घाम फुटला. एवढं मोठं धूड, आणि ऐन वेळी खरंच नुसतं बघायला!

तेवढ्यात फोन वाजला. बोडिल होती.

"आसगऱ्या, अडलास ना?"

"बोडिल, मला माफ कर गं..."

"गप्प बैस. लहानपणी तू भांड्यावर तासन्‌तास बसायचास, आठवतंय? मी पुढ्यात बसून बदकासारखी ओरडायचे, तेव्हा कुठे जमायचं. आज ओरडू का?"

"नको! तुझ्या शेजारी माणसं असतील!"

"असू देत." आणि फोनमधून, त्या खंगलेल्या बाईच्या घशातून, असं काही खणखणीत 'क्वॅक क्वॅक' आलं की मागून नर्सांचा हशा ऐकू आला. आसगर हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी, पोट गदगदा हलतंय, आणि...

"आलं!" तो ओरडला. बाहेर उभ्या नर्सने टाळ्या वाजवल्या. डबा घेऊन ती वर पळाली, तिच्या मागे आसगरही धावला. त्याला दारातच अडवावं लागलं.

नळीतून ते काम झालं. पहिल्या दिवशी फरक नाही. आसगर बाकावर नखं कुरतडत बसून होता. मग एका सकाळी तो खोलीत गेला तर बोडिल गाढ झोपलेली. त्याने तिच्या नाकाशी हात धरला.

"जिवंत आहे रे," ती डोळे न उघडता म्हणाली. "रात्रभर एकदाही उठले नाही. आणि भूक लागलीय. तळलेला मासा मिळेल का? बटाट्यांबरोबर?"

आसगर भर रस्त्यातून मासा शोधत धावला. मिळाला तो थंड झालेला, पण तिने काटे चोखून खाल्ला, आणि समोर बसून तो प्रत्येक घास असा बघत होता जणू स्वतःच जेवतोय.

आजार उलटू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बरेच आठवडे दोघं धास्तावून होती. पण तो उलटला नाही. गाल भरले, झगा पुन्हा घट्ट झाला, बेकरीची भट्टी पेटली. उघडल्या दिवशी बोडिलने, तिथे वाढदिवसाला चढवतात तसा, अंगणातल्या खांबावर झेंडा चढवला. शेजारीण डोकावली, "आज कोणाचा वाढदिवस?"

"माझ्या आतड्यांचा," बोडिल म्हणाली.

गिऱ्हाइकं पाव न्यायला आली, तशीच कौतुकानेही आली. कोणी तोंड फिरवलं नाही. आसगर तर गल्ल्याशेजारी ठाण मांडून, दालचिनीचा रोल चावत, प्रत्येकाला पहिल्यापासून कथा ऐकवत होता. डब्यापर्यंत आला की बोडिल त्याच्या पाठीत फडकं हाणायची, "अरे, लोक खायला आलेत इथे!" तो तेवढ्यापुरता थांबायचा, आणि दार उघडून नवं कोणी आत आलं की पुन्हा सुरू.