चादरीतला सौदा

२०२०च्या मार्चमध्ये पांढुर्ण्याच्या संत्रा बाजारापुढे एकच प्रश्न होता: माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवायचं, पण कधीपासून? आजार अजून दूर आहे, असं सर्वांचं मत होतं. दूर म्हणजे नागपुरात. आमच्या संत्र्याच्या गाड्या रोज तिथेच रिकाम्या होत.

त्या दिवशी मी काकांसोबत होतो. मृगबहाराची, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याची, संत्री तोडून त्यांनी बाजारात ढीग घातला होता; विकला नाही तर नासणार. घरी काकूंना दमा. निघताना त्यांनी बजावलं होतं, "माल विकून या, बिमारी घेऊन येऊ नका."

या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. व्यापारी आणि शेतकरी दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून सौदा करतात. शेजारच्याला कळू नये, एवढाच हेतू.

सकाळी व्यापाऱ्यांच्या बैठकीत ठरलं: अंतर सोमवारपासून. तोवर आजार वेशीबाहेर थांबेल, असं गृहीत होतं. एका सावध व्यापाऱ्याने सोय सुचवली: दुपट्ट्याऐवजी पलंगाची चादर घ्या. सूचना एकमताने मंजूर झाली.

काकांच्या ढिगापाशी चादर आली. काका एका टोकाला, व्यापारी दुसऱ्या टोकाला. हात पोचेनात. दोघे सरकत सरकत डोक्यासकट आत शिरले. बाहेरून चार पायांचं एकच जनावर दिसत होतं. तेवढ्यात व्यापारी खोकलला आणि जनावर थबकलं.

"हात काहून ओढला, भाऊ?"

"शेठ, तुमी खोकलून राहिले."

"तंबाखूचा हाय तो. अंतर सोमवारी ठेवू ना!"

"बिमारीले सांगितलं काय सोमवार?"

काका चादर झुगारून बाहेर आले, ढिगामागे जाऊन उभे राहिले आणि आपला भाव ओरडून सांगितला. भर चौकात कुणी धोतर सोडलं असावं, तसे लोक पाहत राहिले.

"अरे बाप्पा, चारचौघांत काय बोलून राहिले!" शेठ म्हणाले.

पलीकडून दुसरा व्यापारी ओरडला, "मी घेतो!" माल गेला. आजूबाजूचे शेतकरीही तोच भाव मागू लागले. दुपारी व्यापाऱ्यांची पुन्हा बैठक झाली आणि सोमवारचा निर्णय बेमुदत पुढे ढकलला गेला.

संध्याकाळी काकूंनी काकांना अंगणातच अडवलं.

"विकला माल?"

"विकला. अन् अंतरही ठेवलं."

"मंग चादरीत कोण घुसलं होतं? गावभर सांगून राहिले लोक."

"तो खोकलला तसा निघालो ना बाहेर."

काकूंनी काकांचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं.